गाडी धुतल्यावर पुसायला टॉवेल कोणता घ्यावा? बोअरचं पाणी, फुफाटा आणि गाडीचा रंग : सविस्तर माहिती

दसरा जवळ आला की गावोगावी विहिरीवर, बोअरवर आणि रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते. मोटारसायकल, पिकअप, छोटा हत्ती, जुन्यात घेतलेली कार, ट्रॅक्टर, सगळं धुऊन निघतं. धुण्यात तास-दीड तास जातो. पुसायची वेळ आली की मात्र हाताला लागेल ते फडकं घेतलं जातं. कुणाचा जुना पंचा, कुणाची फाटकी बनियन, कुणाचं लुगड्याचं धडपं. काही जण तर पुसतच नाहीत, "उन्हात वाळंल की" म्हणून सोडून देतात.

गाडी नवी असताना रंग आरशासारखा असतो आणि दोन-तीन वर्षांत तो मळकट, पांढरट दिसू लागतो. यामागं ऊन आणि रस्ते आहेतच, पण चुकीचं फडकं आणि अंगावर वाळलेलं बोअरचं पाणी ही दोन कारणंही तितकीच मोठी आहेत. गाडी कर्जावर घेतलेली असते, हप्ते पाच-सात वर्षं चालतात. विकायला काढली की घेणारा माणूस इंजिन ऐकायच्या आधी रंगावरून हात फिरवतो आणि तिथंच भाव पाडतो. त्यामुळे टॉवेल ही किरकोळ वस्तू वाटली तरी तिची माहिती असलेली बरी.

सांगोला, मंगळवेढा, करमाळा, बार्शी यांसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांतलं पाणी आणि धूळ डोळ्यापुढे ठेवून ही माहिती दिली आहे. इतर ठिकाणीही ती तशीच लागू पडते.

धुतलेली गाडी पुसायचीच कशाला?

पाण्यात विरघळलेले क्षार असतात, त्यात मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. चहाच्या भांड्यात, नळाच्या तोटीवर, हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच हा क्षार. गाडीच्या अंगावर प्रत्येक थेंब वाळला की त्याच्या कडेनं एक पांढरी गोल खूण उरते. काळ्या, लाल, निळ्या गाडीवर ती लगेच दिसते. पांढऱ्या गाडीवर दिसत नाही, पण असते.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरी सोय नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतलं जातं. आता हिशेब करू. ६०० मिलिग्रॅमचं पाणी असेल तर १५ लिटरच्या एका बादलीत साधारण ९ ग्रॅम क्षार झाला, म्हणजे दोन चमचे मिठाच्या आसपास. चार बादल्या पाणी वापरलं तर ३६ ग्रॅम. त्यातलं बरंचसं पाणी खाली वाहून जातं, पण जे अंगावर राहतं ते आपला क्षार तिथंच सोडतं.

आपलं पाणी जड आहे का हे ओळखायला तपासणीची गरज नाही. साबणाला फेस येत नसेल, डाळ लवकर शिजत नसेल, बादलीच्या काठाला पांढरं कडं धरत असेल तर पाणी जड आहे असं समजावं.

ऊन असेल तर काम आणखी बिघडतं. तापलेल्या पत्र्यावर थेंब मिनिटात वाळतो आणि क्षार रंगावर भाजल्यासारखा चिकटतो. असे डाग महिनोन्‌महिने राहिले तर रंगाच्या वरच्या थरात खड्डा पडल्यासारखी खूण उमटते. ती नंतर धुऊन जात नाही.

एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. गावातल्या पाणी फिल्टरच्या प्लांटमधून किंवा घरच्या आरओ मशीनमधून जे टाकाऊ पाणी बाहेर पडतं, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतो. "पाणी वाया कशाला घालवायचं" म्हणून त्याने गाडी धुणारे बरेच आहेत. पाणी वाचवणं चांगलंच आहे, पण असं पाणी अंगावर वाळू दिलं तर डाग दुप्पट. ते वापरायचं तर शेवटी एक-दोन तांबे साध्या पाण्याचे फिरवावेत आणि गाडी लगेच पुसून घ्यावी.

ओरखडा पडतो कसा?

गाडीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चमक ही या वरच्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते. माणसाचा केस बहुतेक वेळा यापेक्षा जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी शान केसापेक्षा पातळ पापुद्र्यावर उभी आहे.

धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि वाळूचा कण या थरापेक्षा कितीतरी कठीण असतो. फडक्यात असा एक कण अडकला आणि ते फडकं दाबून गोल गोल फिरवलं की कण फिरेल तिथं चर पडत जातो. एक चर डोळ्याला दिसत नाही. शंभर वेळा पुसल्यावर मात्र उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. त्यामुळे टॉवेल निवडताना दोन प्रश्न विचारायचे. पहिला, तो पाणी किती पितो? दुसरा, आलेला कण तो आपल्या पोटात ओढून घेतो की वरच धरून रंगावर घासतो?

घरातली फडकी : कोणतं चालेल, कोणतं नाही

*जुनी बनियन, टी-शर्ट.* सुती असेल तर मऊ असते, पण सपाट असते. कण आत जायला जागाच नाही, तो वरच राहतो. पाणीही लवकर भरतं आणि मग फडकं पाणी पुढं ढकलत राहतं. शिवणीचा भाग कडक असतो, तो जास्त घासतो. बटण, चेन असलेला कपडा तर कधीच नको.

*पंचा, धोतर.* पातळ आणि मऊ असतो. काच पुसायला ठीक, पण पूर्ण गाडीला पाच-सहा वेळा पिळावा लागतो.

*नायलॉनची, सिंथेटिक साडी.* पाणी पीत नाही. पुसल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात पाणी पसरतं.

*गोणपाट.* चिखल काढायला ट्रॅक्टरच्या टायरला आणि ट्रॉलीच्या फाळक्याला ठीक. रंगावर नको.

*वर्तमानपत्र.* काचेवर वापरायची जुनी सवय आहे. पत्र्यावर चालत नाही आणि शाई रबराच्या पट्टीला लागते.

*सोलापुरी टॉवेल.* सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि अंग पुसायला त्याला तोड नाही. टेरी म्हणजे दोन्ही बाजूंना सुताचे उभे झुपके असलेली वीण. हे झुपके पाणी चांगलं पितात. पण गाडीच्या रंगावर त्याच्या तीन अडचणी आहेत. एक, सुताची लव सुटते आणि अंगावर चिकटते. दोन, काठाची पट्टी आणि दशांच्या गाठी कडक असतात. तीन, जड पाण्यात वर्षभर धुतलेला जुना टॉवेल पापडासारखा कडक होतो, आणि नेमका तोच गाडीला दिला जातो. नवा, मऊ सुती टॉवेल ट्रॅक्टरला, गाडीच्या आतल्या भागाला, सीटला आणि पिकअपच्या हौद्याला उत्तम. कारच्या चमकत्या रंगाला मात्र दुसरा पर्याय बघावा.

मायक्रोफायबर म्हणजे काय?

दुकानात "मायक्रोफायबर" म्हणून मिळणारं कापड पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड म्हणजे नायलॉन यांच्या अतिशय बारीक धाग्यांचं असतं. धाग्याची बारीकी डेनिअरमध्ये मोजतात. ९००० मीटर लांब धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. एक डेनिअरपेक्षा बारीक असेल तर तो मायक्रोफायबर. रेशमाचा तंतू साधारण एक डेनिअरचा असतो, त्यावरून कल्पना यावी. असे अतिबारीक धागे वापरून १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीतील शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी सुएड चामड्यासारखं कृत्रिम कापड तयार केलं. तिथून पुढं हे तंत्र पुसायच्या कापडापर्यंत आलं.

चांगल्या प्रतीच्या कापडात प्रत्येक धागा लांबीनं चिरलेला असतो. संत्र्याच्या फोडी वेगळ्या व्हाव्यात तसा. या फोडींच्या मधल्या फटीत पाणी ओढलं जातं आणि धुळीचा कणही आत जाऊन बसतो. म्हणूनच हे कापड रंगावर कमी घासतं.

पाकिटावर ८०/२० किंवा ७०/३० असे आकडे असतात. पहिला आकडा पॉलिएस्टरचा, दुसरा पॉलिअमाइडचा. पॉलिअमाइड जास्त असलेलं कापड मऊ असतं आणि पाणी जास्त पितं, पण महागही असतं. घरच्या वापराला ८०/२० पुरेसं आहे. जिथं "१०० टक्के पॉलिएस्टर" लिहिलं आहे ते धूळ झटकायला घ्यावं, पाणी पुसायला नाही.

जीएसएम : वाण्याच्या काट्यावर तपासता येतं

टॉवेलवर ३००, ५००, ८०० जीएसएम असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद कापडाचं वजन किती ग्रॅम. आकडा मोठा म्हणजे कापड जाड आणि पाणी जास्त पिणारं.

- २०० ते ३५० : काच, डॅशबोर्ड, आतली सफाई
- ३५० ते ५०० : मोटारसायकल, दारांच्या आतल्या कडा, सर्वसाधारण पुसणं
- ५०० ते ८०० : कार, पिकअपची केबिन, पूर्ण गाडी वाळवणं
- ८०० च्या पुढं : मोठी गाडी. पण ओला झाला की फार जड होतो, पिळायला त्रास होतो, वाळायला वेळ लागतो

पाकिटावरचा आकडा खरा असतोच असं नाही. तो तपासायला किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. टॉवेल कोरडा असताना वजन करावं. लांबी आणि रुंदी मीटरमध्ये मोजून गुणाकार करावा. वजनाला त्या गुणाकारानं भागलं की जीएसएम निघाला.

उदाहरण : टॉवेल ४० बाय ६० सेंटिमीटर. ०.४० गुणिले ०.६० म्हणजे ०.२४. वजन भरलं १२० ग्रॅम. १२० भागिले ०.२४ म्हणजे ५०० जीएसएम. तोच टॉवेल ८०० जीएसएमचा म्हणून विकला असेल तर त्याचं वजन १९२ ग्रॅम भरायला हवं होतं.

गुणाकार नको असेल तर हे पाठ करावं. ४० बाय ४० चा टॉवेल ५०० जीएसएमचा असेल तर वजन ८० ग्रॅम. ४० बाय ६० चा १२० ग्रॅम. ६० बाय ९० चा २७० ग्रॅम. मोबाइलवर ऑर्डर करताना मापं आणि वजन दोन्ही दिलेले असतात. तिथंच हिशेब करून बघितला तर परत पाठवायची वेळ येत नाही.

विणीचे प्रकार

*लवदार :* मखमलीसारखी लव असते. रंगाला सगळ्यात सौम्य. पाणी बऱ्यापैकी पितो. घेताना लव दाट आहे का बघावं.

*पिळाची वीण :* जाड पिळाच्या दोऱ्या शेजारी शेजारी असाव्यात असा दिसतो. पाणी सगळ्यात जास्त पितो, एक टॉवेल अख्ख्या कारला पुरतो. मात्र गाडी नीट धुतलेली हवी. कण राहिला असेल तर तो पिळात अडकतो.

*चौकटीची वीण :* मधमाशीच्या पोळ्यासारखे चौकोनी खड्डे असतात, दुकानदार याला वॅफल म्हणतात. पातळ असूनही पाणी चांगलं धरतो, लवकर पिळतो, लवकर वाळतो. काचेला सगळ्यात चांगला.

*शॅमॉय :* मूळ शॅमॉय हे चामड्याचं. युरोपातल्या डोंगरी शेळीसारख्या प्राण्यावरून हे नाव पडलं. आता ते बहुतेक मेंढीच्या कातड्याचं, माशाच्या तेलात कमावलेलं असतं. आपल्याकडं डबीत मिळतं ते पिवळं, निळं, ओलसर रबरासारखं कापड कृत्रिम असतं. ते कोरडं झालं की लाकडासारखं कडक होतं, म्हणून आधी भिजवून, पिळून मगच वापरायचं. पाणी भरपूर ओढतं, पण पृष्ठभाग सपाट असल्यानं कण आत जात नाही. कोरडं किंवा अर्धवट कडक शॅमॉय रंगावर घासणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच. धूळ-मातीच्या भागात मायक्रोफायबर जास्त सुरक्षित.

विकत घेताना हातानं करायच्या चार परीक्षा

*१. तळहाताची परीक्षा.* टॉवेल तळहातावरून हळू ओढावा. धागे चिरलेले असतील तर ते कातडीच्या खरबरीत भागाला अडकतात, थोडं ओढल्यासारखं लागतं. शेतकऱ्याच्या घट्टे पडलेल्या हाताला हे लगेच कळतं. सुळकन घसरून गेला तर धागे चिरलेले नाहीत, तो पाणी कमी पिणार.

*२. पाण्याची परीक्षा.* फरशीवर अर्धा पेला पाणी सांडावं. टॉवेल वर ठेवून फक्त एकदा ओढावा. चांगला टॉवेल पाणी उचलून घेतो, वाईट टॉवेल पुढं ढकलतो. काही नव्या टॉवेलना कारखान्यातला लेप असतो, त्यामुळे एकदा धुऊन मग ही परीक्षा करावी.

*३. जुन्या सीडीची परीक्षा.* घरात लग्नाची किंवा सिनेमाची खराब सीडी पडलेली असते. तिच्या चकचकीत बाजूवर टॉवेल मध्यम दाबानं दहा-पंधरा वेळा घासावा आणि उजेडात धरून बघावी. नवे ओरखडे दिसले तर तो टॉवेल रंगावर चालणार नाही. काठही असाच तपासावा.

*४. काठाची परीक्षा.* काठाला जाड नायलॉनची शिलाई नको. मऊ कापडाची गोट किंवा बिनकाठी टॉवेल चांगला. कंपनीचं लेबल कडक असेल तर पहिल्याच दिवशी कात्रीनं काढून टाकावं.

माप किती घ्यावं? मोटारसायकलला ४० बाय ४० चे दोन. कारला ६० बाय ९० चा एक आणि ४० बाय ४० चे दोन. खूप मोठा टॉवेल घेतला तर तो जमिनीवर लोळतो, माती उचलतो आणि तीच माती पुन्हा बोनेटवर जाते.

पुसायची पद्धत

टॉवेल कितीही भारी असला तरी गाडीवर माती राहिली असेल तर ओरखडे पडणारच. म्हणून क्रम पाळावा.

१. गाडी सावलीत किंवा सकाळी-संध्याकाळी धुवावी. बोनेट हाताला गरम लागत असेल तर थांबावं.

२. आधी नुसत्या पाण्यानं माती भिजवून खाली घालवावी. मगच शाम्पू आणि हात. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण टाळावा, त्यानं वॅक्सचा थर निघून जातो.

३. शेवटचं पाणी मारताना पाइपचं तोंड दाबू नये. पाइप मोकळा धरून टपावरून सावकाश पाणी सोडावं. पाणी चादरीसारखं एकत्र खाली सरकतं आणि अंगावर थेंब कमी राहतात. पुसायचं काम निम्मं होतं.

४. टॉवेल किंचित ओला करून पिळून घ्यावा. ओलसर टॉवेल पाणी पटकन ओढतो.

५. वरून खाली यावं. आधी टप, मग काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा भाग. खाली सगळ्यात जास्त माती असते, तिथं लागलेला टॉवेल पुन्हा वर न्यायचा नाही.

६. टप आणि बोनेटवर टॉवेल पसरून टाकावा, दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढावा. दाबायचं नाही, टॉवेलचं वजन पुरेसं आहे. उभ्या भागावर थोपटून टिपावं. गोल गोल फिरवू नये.

७. टॉवेल चौपदरी घडी करून धरला तर आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू भिजली की घडी पलटावी.

८. टॉवेल जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. झटकून पुन्हा वापरू नये. माती झटकल्यानं निघत नाही.

९. शेवटी दारं, डिकी, बोनेट उघडून आतल्या कडा, बिजागऱ्या आणि तेलाच्या टाकीचं झाकण पुसावं. दाराच्या खालच्या कडेला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती चिखलानं बुजली असतील तर काडीनं मोकळी करावी. दार खालून सडायला इथूनच सुरुवात होते.

१०. गाडी बाहेर काढण्याआधी मोकळ्या जागेत सावकाश चालवून दोन-तीन वेळा ब्रेक दाबावा. ओला ब्रेक पहिल्यांदा कमी लागतो.

कोणत्या गाडीला काय?

*कार आणि जीप :* ५०० ते ८०० जीएसएमचा एक मोठा, काचेला चौकटीच्या विणीचा एक आणि खालच्या भागाला, चाकांना जुना एक. तिन्ही वेगळ्या रंगाचे घ्यावेत, म्हणजे घरातलं कुणीही पुसलं तरी गल्लत होत नाही.

*पिकअप आणि छोटा हत्ती :* केबिनला कारसारखाच टॉवेल. हौद्याला सुती टॉवेल किंवा गोणपाट. खताची पोती वाहिली असतील तर हौदा त्याच दिवशी धुऊन कोपरे आणि साखळ्या कोरड्या कराव्यात. सांडलेलं खत ओलावा ओढून घेतं आणि पत्र्याला गंज चढवतं. डाळिंबाचे क्रेट, कांदा, द्राक्ष वाहणाऱ्या गाडीला कोरडा हौदा मालासाठीही चांगला.

*मोटारसायकल :* टाकी, मडगार्ड आणि हेडलाइटला मायक्रोफायबर. सायलेन्सर गरम असताना हा टॉवेल लावू नये, कापड वितळून चिकटतं. चेन पुसलेलं तेलकट फडकं ब्रेकच्या डिस्कला लागता कामा नये. टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावर चमकेचं कोणतंही द्रव लावू नये, वळणावर गाडी घसरते.

*ट्रॅक्टर :* बोनेटला आणि मडगार्डला मऊ सुती टॉवेल पुरतो. मीटरची काच आणि हेडलाइटचं प्लास्टिक मात्र लवकर चरतं, तिथं मायक्रोफायबर वापरावा.

टॉवेलची निगा

चांगला टॉवेल नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं टिकतो. बिघडतो तो बहुतेक धुण्यात.

- सुती कपड्यांसोबत धुवू नये. सुताची लव याच्या धाग्यात अडकते आणि ती नंतर गाडीवर येते.
- साधं किंवा कोमट पाणी आणि थोडी पातळ कपडे धुण्याची लिक्विड. उकळतं पाणी नको, ब्लीच नको.
- कपडे मऊ करणारं, वासाचं कंडिशनर अजिबात नको. ते धाग्यावर लेप देतं आणि टॉवेल पाणी प्यायचा थांबतो.
- दगडावर आपटून, ब्रशनं घासून धुवू नये. बादलीत भिजवून हातानं दाबावा.
- बाभळीच्या कुंपणावर किंवा कडब्याच्या गंजीवर वाळत घालू नये. काटा आणि कुसळ टॉवेलमध्ये अडकतं, दिसत नाही आणि रंगावर सरळ रेघ ओढतं. दोरीवर, सावलीत वाळवावा.
- इस्त्री करू नये.
- वाळल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. सीटखाली टाकलेला टॉवेल आठवड्यात धुळीनं भरतो.

जड पाण्यानं टॉवेल कडक झाला तर एक बादली पाण्यात अर्धा पेला पांढरा व्हिनेगर टाकून तासभर भिजवावा आणि स्वच्छ पाण्यात खळबळून काढावा. तरीही कडक राहिला तर तो चाकांसाठी काढून ठेवावा.

डाग आधीच पडले असतील तर

ताजे डाग पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन मऊ कापडानं मिनिटभर लावल्यावर सुटतात. नंतर भरपूर पाण्यानं धुऊन पुसावं. हे सावलीत, थंड पत्र्यावरच करावं आणि आधी कोपऱ्यात थोड्या जागेवर बघावं. भांड्याची घासणी, राख, टूथपेस्ट, लिंबाची फोड घासणं हे उपाय करू नयेत. जुने, आत उतरलेले डाग पॉलिश करणाऱ्याकडूनच काढावे लागतात आणि प्रत्येक पॉलिशला वरचा थर थोडा झिजतोच.

दसऱ्याच्या पूजेबद्दलही एक सूचना. हळद-कुंकवाची बोटं शक्यतो काचेवर किंवा नंबर प्लेटच्या वरच्या प्लास्टिकवर लावावीत आणि संध्याकाळी ओल्या टॉवेलनं टिपून घ्यावीत. ओली हळद रंगावर दिवसभर उन्हात राहिली तर पांढऱ्या गाडीवर पिवळी झाक राहते. हार बांधताना तार वापरू नये, सुतळी वापरावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ झटकली तर?* रंगाचं सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं. धूळ असेल तर आधी पाणी मारावं. पाणी नसेल तर धूळ राहू द्यावी. धुळीनं रंग खराब होत नाही, ती घासल्यानं होतो.

*उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, गाडी धुवायला पाणी कुठून आणायचं?* अशा वेळी पूर्ण धुणं टाळावं. काचा, लाइट, आरसे आणि नंबर प्लेट एवढंच ओल्या टॉवेलनं पुसावं. अर्धी बादली पुरते.

*धुऊन लगेच गाडी पळवली तर वाऱ्यानं वाळत नाही का?* वाळते, पण कच्च्या रस्त्याची धूळ ओल्या अंगावर चिकटते आणि थेंबांचे डागही राहतात.

*वॉशिंग सेंटरवर पुसून देतात, मग आपल्याला टॉवेल कशाला?* तिथं एकच फडकं दिवसभर वीस गाड्यांना लागतं, त्यात चिखलाचे ट्रॅक्टरही असतात. आपला टॉवेल सोबत न्यावा आणि याच टॉवेलनं पुसा असं सांगावं.

काच आणि रिफ्लेक्टर विसरू नका

ऊस तोडणीचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. पुढच्या काचेवर क्षाराचे डाग किंवा तेलकट फडक्याचे फराटे असतील तर समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड काचभर पसरतो आणि पुढची ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसते. म्हणून काचेचा टॉवेल वेगळा ठेवावा, त्याला वॅक्स किंवा तेल लागू देऊ नये आणि काच आतूनही पुसावी. वायपरच्या रबरावरूनही ओला टॉवेल फिरवावा.

ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी रोज अंधार पडायच्या आत मागचे लाल रिफ्लेक्टर आणि लाइट ओल्या फडक्यानं पुसावेत. पाचटाच्या धुळीनं झाकलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखाच. त्याला भारी टॉवेल लागत नाही. जुनी बनियन आणि तांब्याभर पाणी घेतलं तर दोन मिनिटांचं काम आहे.

थोडक्यात

- कार आणि पिकअपला ५०० ते ८०० जीएसएमचा लवदार मायक्रोफायबर, काचेला चौकटीच्या विणीचा
- जीएसएम वाण्याच्या काट्यावर तपासून घ्यावा
- पाणी जड असेल तर गाडी अंगावर वाळू देऊ नये
- वरून खाली, टिपून आणि ओढून पुसावं. गोल घासू नये
- जमिनीवर पडलेला टॉवेल धुतल्याशिवाय वापरू नये
- कंडिशनर, ब्लीच, उकळतं पाणी टाळावं
- सुती सोलापुरी टॉवेल ट्रॅक्टरला, सीटला आणि हौद्याला
- काच, लाइट आणि रिफ्लेक्टर रोज